बिल्टीवरचं नाव

जालन्यात रेल्वे आली ती १९०० च्या सुमारास, आणि आली ती मीटर गेजवर. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. सिकंदराबादहून निघायचं, नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला संपायचं. मनमाडला इंग्रजांची जीआयपी रेल्वे, ती ब्रॉड गेजवर. एकीकडे रुळांमधलं अंतर १,००० मिलिमीटर, दुसरीकडे १,६७६. त्यामुळे जालन्याच्या प्रेसमध्ये बांधलेली कापसाची गाठ मुंबईला पाठवायची तर मनमाडला ती एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावी लागे. हा मार्ग ब्रॉड गेज झाला तो थेट १९९० च्या दशकात. म्हणजे जवळपास शंभर वर्षं आमच्या जिल्ह्याचा माल मनमाडला गाडी बदलत होता.

माल उचलणाऱ्या हमालाला गाठीच्या आत काय आहे हे उघडून बघता येत नाही. त्याला आणि बाबूला आधार एकच, बिल्टी. माल कुणाचा, काय, किती नग, कुठे जायचा, गाठीवर मार्का कोणता. पुढची गाडी मागच्या गाडीला काही विचारू शकत नाही, कारण ती तोवर परत फिरलेली असते. बिल्टीवर जे लिहिलंय तेच खरं. मार्का चुकला तर गाठ शाबूत असूनही हरवलेली.

तुमच्या हातातल्या फोनमध्ये असं एक मनमाड रोज येतं. पॉवरचं बटण दाबलं की आधी चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो बूटलोडरला उठवतो. बूटलोडर मेमरी सुरू करतो, कंपनीचा लोगो दाखवतो, कर्नल (अँड्रॉइडच्या तळाशी असलेला लिनक्स) मेमरीत आणून ठेवतो, त्याच्या हातात एक कागद देतो आणि स्वतः मरतो. मरतो हे मी शब्दशः म्हणतोय, कारण त्यानं वापरलेली मेमरीसुद्धा पुढे पुसली जाते. कर्नल एकटा उरतो आणि त्याच्याजवळ तो कागद. या कागदाला डिव्हाइस ट्री म्हणतात. या फोनात प्रोसेसरचे गाभे किती, मेमरी कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत, टचस्क्रीन कोणत्या तारांवर आहे, कॅमेऱ्याला वीज कुठून मिळते, हे सगळं त्यात झाडाच्या फांद्यांसारखं लिहिलेलं असतं. मी पुण्यात ज्या प्रकारचं काम करतो त्यात निम्मा दिवस या झाडाच्या फांद्या मोजण्यात जातो. तरी हा कागद आला कुठून, हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात तर याचं नावही निघालं नाही.

आधी हे सांगायला हवं की घरातल्या पीसीला असल्या बिल्टीची गरज एवढी का पडत नाही. पीसीत नवीन कार्ड खोचलं की ते कार्ड स्वतःच विचारल्यावर सांगतं, मी अमुक कंपनीचं, माझा नंबर तमुक. इंटेलनं स्वतःसाठी घेतलेला नंबर ८०८६ आहे, आपल्याच जुन्या प्रोसेसरच्या नावावरून. फोनच्या चिपमध्ये मात्र शेकडो घटक एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर बसवलेले असतात आणि त्यातले बहुतेक मुके असतात. विचारलं तर उत्तर नाही. चुकीच्या पत्त्यावर विचारलं तर अख्खी चिप गोठून बसते. त्यामुळे कुणीतरी आधीच लिहून ठेवावं लागतं.

लिहून ठेवण्याची ही कल्पना सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीतली. १९८९ मध्ये त्यांचं स्पार्कस्टेशन-१ बाजारात आलं. त्यात ओपनबूट नावाचा प्रोग्रॅम होता, मिच ब्रॅडली या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालेला आणि फोर्थ या भाषेत लिहिलेला. मशीन चालू केलं आणि पुढे जाऊ दिलं नाही तर स्क्रीनवर नुसतं 'ओके' असं उमटायचं. तिथे 'शो-डेव्ह्ज' टाइप केलं की अख्ख्या मशीनचं झाड समोर. मूळ, फांद्या, पानं, प्रत्येकाला नाव आणि नावापुढे ॲट चिन्ह लावून पत्ता. गंमत म्हणजे कार्ड बनवणारी कंपनी आपल्या कार्डावरच थोडा फोर्थ प्रोग्रॅम ठेवायची. मशीन तो चालवायचं आणि कार्ड स्वतःचं नाव झाडावर लिहून टाकायचं. प्रोसेसर बदलला तरी तोच प्रोग्रॅम चालायचा. १९९४ मध्ये या सगळ्याचं 'ओपन फर्मवेअर' नावानं प्रमाण झालं, आयईईई १२७५. ॲपलच्या पॉवर मॅकमध्ये ते गेलं, आयबीएमच्या सर्व्हरमध्ये गेलं.

आणि पुण्यात आलं. सीडॅकची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: अमेरिकेकडून हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर मिळेना, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात ही संस्था निघाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ही गोष्ट नेहमी तिथेच, अभिमानाच्या टाळीवर थांबते. मला त्यानंतरचा भाग जास्त आवडतो. परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांचा होता. शेकडो चिपा, प्रत्येकीला चार तारा, आणि कोणती तार कुणाला जोडली आहे याचा नकाशा सहसा माणसानं फाइलीत लिहून द्यायचा. पुढे ट्रान्सप्युटरचं युग संपलं आणि १९९८ मध्ये परम १०००० आला तो सनच्या एंटरप्राइज २५० सर्व्हरांवर, अल्ट्रास्पार्क प्रोसेसर घेऊन. त्या काळच्या सनच्या सगळ्या सर्व्हरांप्रमाणे यातला प्रत्येक नोडही ओपनबूटनंच जागा व्हायचा. म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारात नव्वदच्या दशकात डिव्हाइस ट्रीची आख्खी आमराई उभी होती. तिच्याबद्दल मराठीत कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. सुपरकॉम्प्युटरचा वेग लिहितात, तो सकाळी उठतो कसा हे लिहीत नाहीत.

दुसरा मुक्काम आणखी अनपेक्षित आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाची वाडी आहे. एका खोलीची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, एक शिक्षक, वीसेक मुलं. २००७ मध्ये या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग. दिल्लीच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं आदल्या वर्षीच या योजनेला नकार दिला होता, तरी ही एक शाळा झाली. त्या लॅपटॉपमध्ये पीसीसारखा बायोस नव्हता. त्यात होतं ओपन फर्मवेअर, आणि ते लिहिणारा माणूस तोच, मिच ब्रॅडली. सनच्या महागड्या वर्कस्टेशनवर उमटणारं 'ओके' अठरा वर्षांनी कर्जतच्या डोंगराखालच्या शाळेत पोचलं होतं. मुलांना त्याचं काही देणंघेणं नसणार, आणि असायचं कारणही नाही. प्रकल्प पुढे भारतात फार वाढला नाही. त्या फसण्याची कारणं शिक्षणाची आणि पैशांची आहेत, फर्मवेअरची नाहीत, म्हणून इथे त्यात शिरत नाही.

ओपन फर्मवेअरची मूळ पद्धत अशी होती की फर्मवेअर बराच वेळ जिवंत राहायचं. कर्नल त्याला प्रश्न विचारायचा, ते उत्तर द्यायचं. मनमाडचा बाबू अजून टेबलावर बसलेला, तसं. पण २००५ च्या आसपास पॉवरपीसी प्रोसेसरवरच्या लिनक्सला एक अडचण आली. एका चालू कर्नलमधून दुसऱ्या कर्नलमध्ये थेट उडी मारायची सोय करायची होती. दुसरा कर्नल उठेपर्यंत फर्मवेअर केव्हाच गेलेलं असणार, मग विचारणार कुणाला? बेंजामिन हेरेनश्मिट यांनी उपाय काढला: झाड कापा, सुकवा, आणि चपटं करून एका फाइलीत भरा. बाबू नको, फक्त बिल्टी पुरे. या चपट्या झाडाच्या फाइलीच्या सुरुवातीला एक खूण असते, जिच्यावरून कर्नल ओळखतो की हा तोच कागद. सोळाच्या पायाच्या अंकगणितात ती खूण इंग्रजीत 'डूड फीड' अशी वाचता येते. आज जगातल्या अब्जावधी फोनांमध्ये हा विनोद बसलेला आहे आणि कुणी हसत नाही.

आता फोनकडे. फोनांत एआरएम प्रोसेसर असतात आणि त्या जगात २०११ पर्यंत झाड नव्हतं. तिथे पद्धत होती नंबरांची. प्रत्येक नव्या बोर्डानं एका यादीत नाव नोंदवायचं, नंबर घ्यायचा. एआरएम लिनक्सचे प्रमुख रसेल किंग ती यादी सांभाळायचे. बूटलोडर कर्नलला एवढंच सांगायचा: हा बोर्ड नंबर अमुक. बाकी सगळं कर्नलला पाठ असायला हवं. म्हणजे प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये एक वेगळी फाइल, तिच्यात तारा आणि पत्ते कोडमध्ये लिहिलेले. बिल्टी नाही, नुसता टोकन नंबर, आणि देशातल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या मालाचं वर्णन स्टेशनमास्तरच्या डोक्यात. दोनपाचशे व्यापारी असतील तर चालतं. २०११ पर्यंत यादीतले नंबर हजारांत गेले होते, कारण जगभर स्मार्टफोन सुटले होते आणि प्रत्येक कंपनी आपापली फाइल कर्नलमध्ये ढकलत होती.

त्या वर्षी मार्चमध्ये लिनस टोरवाल्ड्स भडकले. त्यांची ती ईमेल शिव्यांसकट प्रसिद्ध आहे, इथे छापण्यासारखी नाही. मुद्दा मात्र साधा होता: एकच प्रकारचा हार्डवेअर दहा कंपन्या दहा वेळा नव्यानं लिहितात, एकमेकांच्या फाइलींवर पाय देतात, आणि हा ढीग मी का उचलू? यातून दोन गोष्टी झाल्या. आर्न्ड बर्गमन आणि ओलोफ योहान्सन यांच्याकडे एआरएमच्या सगळ्या चिपांचा कोड एकत्र गोळा करण्याचं काम आलं. आणि ग्रँट लाइकली काही वर्षं ज्याचा आग्रह धरत होते ते पॉवरपीसीचं चपटं झाड एआरएमवर सक्तीचं होत गेलं. वर्णन कोडमधून निघालं आणि कागदावर आलं. पुढच्या काही वर्षांत अँड्रॉइड फोनही त्या वाटेनं गेले. २०१७-१८ च्या अँड्रॉइड ८ आणि ९ पासून तर या कागदाला जोडायच्या पुरवणीसाठी फोनच्या साठवणीत वेगळा कप्पाच ठेवला जाऊ लागला.

इथवरचा इतिहास तसा सरळ आहे. खरी कटकट सुरू होते ती नावांपासून.

कागदावर प्रत्येक घटकापुढे एक ओळ असते, 'कम्पॅटिबल'. तिच्यात आधी कंपनीचं छोटं नाव, मग स्वल्पविराम, मग घटकाचं नाव. एकाहून जास्त नावं देता येतात, नेमक्यापासून ढोबळाकडे. 'मी अमुक कंपनीचा तमुक आहे. तो तुला माहीत नसेल तर मला त्याच्या जुन्या भावासारखा वागव.' कर्नल या ओळीवरून ठरवतो कोणता ड्रायव्हर लावायचा. म्हणजे हाच मार्का. एकदा बाजारात गेला की बदलता येत नाही, कारण लाखो फोनांच्या बूटलोडरमध्ये तो भरला गेलेला असतो आणि ते फोन कुणी परत बोलावणार नसतं.

उदाहरण बघा. फ्रीस्केल नावाची चिप कंपनी होती, तिचं छोटं नाव 'एफएसएल'. २०१५ मध्ये एनएक्सपीनं ती विकत घेतली. फ्रीस्केल नावाची पाटी उतरली. पण त्यानंतर कित्येक वर्षांनी एनएक्सपीनं काढलेल्या नव्याकोऱ्या आय-एमएक्स ८ चिपासुद्धा डिव्हाइस ट्रीत 'एफएसएल' नावानंच येतात. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. आपल्याला वाटू नये. मुंबई १९९५ मध्ये मुंबई झाली, पण उच्च न्यायालय अजून कागदोपत्री 'बॉम्बे हायकोर्ट' आहे आणि विमानाच्या तिकिटावर 'बीओएम' छापलेलं असतं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, गाड्यांच्या पाट्यांवर एमएच २० च राहिलं, आणि शेजारी आमचं जालन्याचं एमएच २१. उलट रेल्वेनं २०२५ मध्ये तिथल्या स्टेशनचं नाव बदलताना कोडही बदलला, एडब्ल्यूबीचा सीपीएसएन केला. दोन्ही पद्धती चालतात, फक्त दुसरीची किंमत मोजावी लागते. जुना कोड ज्या ज्या ॲपमध्ये, तक्त्यात आणि माणसाच्या बोटांत बसलेला असतो, तो तिथून एकेक करून काढावा लागतो.

याहून जुनं नाव हवं असेल तर 'एनएस १६५५०ए'. नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीची ऐंशीच्या दशकातली सीरियल पोर्टची चिप. कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं गिळली. आज क्यूएमू नावाचा प्रोग्रॅम जो नकली रिस्क-फाइव्ह संगणक उभा करतो, ज्यात खरी चिप कुठलीच नाही, त्याच्या डिव्हाइस ट्रीतही सीरियल पोर्टपुढे हेच नाव लिहिलेलं असतं. आणि त्याला कंपनीचा उपसर्गही नाही, कारण ते नाव पडलं तेव्हा स्वल्पविरामाचा नियम कुणी पाळत नव्हतं. गावात पहिलं घर बांधणाऱ्याच्या नावानं गल्ली ओळखली जाते, तसं.

'कम्पॅटिबल'चं नाव पवित्र, हे सगळ्यांना मान्य आहे. पण झाडाच्या फांदीला जे नाव असतं त्याचं काय? जुन्या ओपन फर्मवेअरच्या काळापासूनचा संकेत सांगतो की फांदीचं नाव कामावरून ठेवावं, ब्रँडवरून नको. इथरनेटला 'इथरनेट', यूएसबीला 'यूएसबी'. अनेकांनी ते पाळलं नाही. सिनॉप्सिस कंपनीचा यूएसबीचा एक घटक शेकडो चिपांत बसतो, त्याच्या फांद्यांना लोकांनी त्याच्या ड्रायव्हरचंच नाव दिलं, 'डीडब्ल्यूसी३'. २०२०-२१ मध्ये ही नावं नियमाप्रमाणे 'यूएसबी' करायची मोहीम निघाली. कागदावर अगदी रास्त. पण अँड्रॉइड ज्या डेव्हलपर बोर्डांवर तपासलं जातं त्यांच्या सेटिंगमध्ये जुनं नाव जसंच्या तसं लिहिलेलं होतं: अमुक पत्त्यावरचा डीडब्ल्यूसी३ उघड. कर्नल बदलला, नाव गेलं, यूएसबी बंद. ओरड झाली आणि काही बदल मागे घ्यावे लागले. लिनक्सचा जुना नियम आहे की वापरणाऱ्याचं चालू असलेलं काही मोडायचं नाही. फांदीचं नाव हा कुणाशी केलेला करार आहे, असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. पण लोक त्यावर विसंबले, आणि करार झाला.

बूटलोडर आणि कर्नल यांच्यातला करार तर त्याहून नाजूक. यू-बूट नावाचा बूटलोडर, जर्मनीच्या वोल्फगांग डेंक यांनी वाढवलेला, राउटरपासून गाड्यांपर्यंत सगळीकडे असतो. तो कर्नलला कागद देण्याआधी त्यात स्वतःच्या हातानं काही भरतो: मेमरी खरोखर किती आहे, बूट कुठून करायचं, आणि नेटवर्कचा मॅक पत्ता. मॅक पत्ता कोणत्या फांदीवर लिहायचा हे त्याला कसं कळतं? झाडावर 'एलियासेस' नावाची एक छोटी फांदी असते, त्यात टोपणनावं असतात. तिथे 'इथरनेट०' शोधायचं, ते ज्या फांदीकडे बोट दाखवतं तिथे पत्ता लिहायचा. ते टोपणनावच नसेल तर यू-बूट गप्प बसतो. चूक दाखवत नाही.

एका कंपनीत, नाव घेत नाही, आमच्याकडे असे बोर्ड आले होते. चिप विकणाऱ्यांनी दिलेल्या जुन्या कर्नलवर सगळं सुरळीत. सुरक्षेसाठी नवा कर्नल घातला, आणि प्रत्येक वेळी चालू केलं की बोर्ड नवा मॅक पत्ता घेऊन उठायला लागला. रोज नवं आधार कार्ड काढून येणाऱ्या भाडेकरूसारखा. राउटरची यादी भरून गेली, मग त्यानं सगळ्यांनाच हाकलायला सुरुवात केली. तीन दिवस आम्ही ड्रायव्हर, केबल, स्विच तपासत होतो. कारण एवढंच होतं की चिपवाल्यांच्या कागदात टोपणनावाची ती ओळ होती आणि मुख्य लिनक्समधल्या कागदात ती कुणी लिहिली नव्हती. दोन्ही कागद आपापल्या जागी बरोबर होते.

या प्रकारच्या घोळामुळे २०१३ च्या सुमारास एक वाद पेटला होता, आणि तो पुरता विझलेला नाही. कागद हा हार्डवेअरचा भाग समजायचा की कर्नलचा? हार्डवेअरचा म्हटलं तर तो फोनबरोबर कारखान्यातून एकदाच यावा आणि दहा वर्षांनंतरच्या कर्नललाही तो वाचता आला पाहिजे. हा आदर्श. प्रत्यक्षात या कागदांचा मजकूर लिनक्सच्याच कोडमध्ये राहतो, कर्नलबरोबर बदलतो आणि बहुतेक जण दोन्ही एकत्रच बदलतात. यू-बूट कित्येक वर्षं स्वतःची वेगळी नक्कल बाळगत होता. एकाच बोर्डाच्या दोन बिल्ट्या, एक बूटलोडरच्या खिशात आणि एक कर्नलच्या. २०२४ पासून त्यानं लिनक्सकडचाच संच आपल्यात ओढून घ्यायला सुरुवात केली. मला विचाराल तर आदर्शवाले बरोबर आहेत, पण त्यांचं बरोबर असणं परवडतं ते ज्यांच्याकडे नावं तपासायला माणसं आहेत अशांनाच. २०१९ च्या आसपास नावांचे नियम यंत्राला तपासता येतील अशा स्वरूपात लिहायला घेतले, तेव्हापासून स्थिती सुधारते आहे. सावकाश.

तुमच्या खिशाला हे सगळं नेमकं लागतं कुठे? क्वालकॉमच्या फोनांकडे बघा. त्यांचा बूटलोडर 'कम्पॅटिबल' वाचतच नाही. एकाच फाइलीत अनेक फोनांचे कागद भरलेले असतात आणि त्यातला आपला कोणता हे तो क्वालकॉमच्या स्वतःच्या नंबरांवरून शोधतो: एक चिपचा नंबर, एक बोर्डाचा. म्हणजे २०११ मध्ये मागच्या दारानं हाकललेली नंबरांची यादी पुढच्या दारानं परत आली, फक्त आता ती कंपनीच्या कपाटात होती. मुख्य लिनक्सच्या लोकांनी बराच काळ हे नंबर आपल्या कागदांत लिहायला नाखुशी दाखवली. परिणाम असा की मुख्य लिनक्सनं बनवलेला कागद अगदी अचूक असला तरी फोनचा बूटलोडर त्याला ओळखायचा नाही. माल बरोबर, मार्का बरोबर, पण खिडकीवरचा बाबू फक्त टोकन नंबर मागतो.

२०१५ मध्ये शाओमीचा रेडमी २ भारतात ६,९९९ रुपयांना आला. फ्लिपकार्टवर. स्नॅपड्रॅगन ४१० चिप. त्या काळी कॉलेजला असलेल्यांना तो आठवेल. जालन्यात, अंबडला, परतूरला, मोंढ्यात हिशेब करणाऱ्या मुलांपासून पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलपर्यंत बऱ्याच जणांचा तो पहिला धड स्मार्टफोन होता. त्याच्या आत लिनक्स ३.१० चा कर्नल होता, २०१३ सालचा. कंपनीची अपडेट केव्हाच थांबली. फोन चालतो, बॅटरी बदलून मिळते, पण बँकेची ॲप त्यावर चढत नाहीत, आणि तो ड्रॉवरमध्ये जातो. त्याचा पत्रा आणि सिलिकॉन खराब झालेलं नाही. त्याचा कागद फक्त त्याच्या जुन्या कर्नलला वाचता येतो.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या प्रकल्पातल्या आणि त्यांच्या आसपासच्या स्वयंसेवकांनी या चिपवर काम केलं. कंपनीच्या जुन्या कर्नलमधला कागद ओळीओळीनं वाचून मुख्य लिनक्सच्या नियमांत बसणारा नवा कागद लिहिला, आणि तो लिनक्समध्ये घेतला गेला. त्याच्या 'कम्पॅटिबल' ओळीत रेडमी हा शब्द नाही, शाओमीही नाही. तिथे 'विंगटेक, डब्ल्यूटी८८०४७' असं लिहिलेलं आहे, कारण फोन खरोखर बनवला तो विंगटेक या चिनी कंपनीनं. डब्यावरचं नाव विकणाऱ्याचं, बिल्टीवरचं नाव बनवणाऱ्याचं.

बूटलोडरच्या नंबरांचा प्रश्न त्यांनी सोडवला तो मोंढ्याच्या पद्धतीनं, मध्ये अडत्या बसवून. 'एलके२एनडी' नावाचा एक छोटा दुसरा बूटलोडर. कंपनीच्या बूटलोडरला तो कर्नलच वाटतो, कारण त्यानं हवे ते नंबर कपाळावर लावलेले असतात. आत शिरला की तो खरा फोन कोणता आहे हे ओळखतो, मुख्य लिनक्सचा कर्नल आणि नावावरून योग्य कागद उचलतो, आणि पुढे पाठवतो.

यातही एक शेवटची फांदी राहतेच, स्क्रीनची. एकाच मॉडेलच्या फोनांमध्ये कारखान्यात वेगवेगळ्या कंपन्यांचे डिस्प्ले पॅनेल बसवलेले असतात, जे त्या आठवड्यात मिळतील ते. आतला पॅनेल कुणाचा हे फक्त मूळ बूटलोडरला कळतं, आणि तो ते नाव कर्नलच्या कानात एका ओळीत सांगून मरतो. एलके२एनडी ती ओळ मध्येच पकडतो, त्यातलं कंपनीचं नाव मुख्य लिनक्सच्या नावात बदलतो आणि कागदावर पॅनेलच्या फांदीपुढे लिहितो. नाव यादीत असेल तर पडदा उजळतो. दुकानात काच बदलताना यादीबाहेरचा पॅनेल बसला असेल तर पडदा काळाच राहतो. यूएसबी केबल लावून बघितलं तर आत लिनक्स पूर्ण उठलेला असतो, नेटवर्क चालू, लॉगिन मागत बसलेला.